न विकलं जाणारं यंत्र

‘क्रॅश बँडिकूट’ हा खेळ १९९६ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर येणार होता. तो तयार होत असताना त्यातल्या एका किरकोळ कामाने डेव्ह बॅगेट या प्रोग्रामरना अगदी जेरीस आणलं. खेळणाऱ्याने कुठवर मजल मारली याची नोंद मेमरी कार्डावर लिहायची आणि पुढच्या वेळी ती वाचायची, एवढंच ते काम. दोन-चार दिवसांत उरकेल, असा ‘नॉटी डॉग’ या कंपनीत काम करणाऱ्या बॅगेट यांचा अंदाज होता. सहा आठवडे गेले. बहुतेक वेळा नोंद व्यवस्थित व्हायची, पण मधूनच केव्हातरी लिहिणं अर्ध्यावर थांबायचं आणि कार्डावरची सगळीच माहिती खराब व्हायची. म्हणजे नवी नोंद तर नाहीच, आधीची मेहनतही पाण्यात. असा दोष घेऊन खेळ बाजारात आणणं शक्य नव्हतं. प्लेस्टेशनसाठी खेळ बनवणाऱ्या इतर कंपन्यांकडे विचारणा झाली. असं काही कुणीच पाहिलं नव्हतं.

मग उरला तो प्रोग्रामरांचा जुना उपाय. खेळातला एकेक भाग काढून टाकायचा आणि दोष अजून दिसतो का, ते पाहायचं. ऐकायला सोपं, पण चित्रं काढणारा भाग काढला तर पडद्यावर काही दिसणार नाही, हालचालींचा भाग काढला तर काही हलणार नाही. तरी काढत काढत अखेर यंत्र सुरू होताना चालणारा छोटासा तुकडा उरला. त्यात प्लेस्टेशनच्या टायमरचा वेग ठरवणारी सूचना होती. हा टायमर एरवी सेकंदाला १०० ठोके देतो. बॅगेट यांचे सहकारी अँडी गॅव्हिन यांनी तो १००० वर नेला होता, कारण त्यामुळे क्रॅशच्या उड्यांचं गणित अधिक अचूक व्हायचं. बॅगेट यांनी मेमरी कार्डाला हात लावण्याआधी टायमर १०० वर आणला आणि काम झाल्यावर पुन्हा १००० वर नेला. दोष नाहीसा झाला.

पण का झाला, ते कळेना. चाचणी करता करता त्यांच्या लक्षात आलं, की कार्डावर लिहिणं चालू असताना हातातला कंट्रोलर चाळवला तरच घोळ होतो. प्लेस्टेशनमध्ये कंट्रोलर आणि मेमरी कार्ड यांची माहिती एकाच जोडणीतून ये-जा करते. टायमर जोरात चालला की त्याचे विद्युत पडसाद बोर्डावरच्या शेजारच्या भागात उमटायचे आणि त्या जोडणीचा ताल बिघडायचा. जुन्या लँडलाइनवर आपल्या बोलण्यात तिसऱ्याच कुणाचं संभाषण ऐकू यायचं, तसलाच हा प्रकार. अभियंतेही त्याला ‘क्रॉसटॉक’च म्हणतात. सोनीच्या जपानी हार्डवेअर अभियंत्याला हे पटेना. शेवटी बॅगेट यांनी त्याच्यापुढे फक्त ३० ओळींचा प्रोग्राम ठेवला. हा चालव आणि कंट्रोलर हलव, म्हणाले. त्याने हलवला. दोष यंत्रातच होता.

अशी शोधमोहीम दुकानातून आणलेल्या प्लेस्टेशनवर निघूच शकत नाही. त्यावर ‘क्रॅश’ खेळता येतो, बनवता येत नाही. बनवण्यासाठी वेगळं यंत्र लागतं. ते कन्सोल बनवणारी कंपनीच तयार करते, मोजक्या लोकांना करार करून देते आणि दुकानात कधीच ठेवत नाही. त्याला ‘डेव्हलपमेंट किट’ किंवा नुसतंच ‘डेव्हकिट’ म्हणतात. शिवलेला सदरा बाहेरून नीटनेटका दिसतो. उलटा केला की शिवण, दुमड, गाठी दिसतात. डेव्हकिट म्हणजे उलटा केलेला सदरा. आतला प्रोसेसर, चित्रं काढणारी चिप वगैरे मूळ कन्सोलचंच असतं. पण शेजारच्या संगणकावरून ते हवं तिथे थांबवता येतं. प्रोग्रामच्या अमुक ओळीवर थबक, आता मेमरीच्या तमुक कप्प्यात काय आहे ते दाखव, आता एकच पाऊल पुढे टाक, असं त्याला सांगता येतं. सेकंदाला तीस किंवा साठ चित्रं काढणाऱ्या खेळात नेमकं कुठलं चित्र उशिरा आलं आणि कुणामुळे, याचा हिशेब लागतो.

आणखी एक फरक मेमरीचा. दुकानातल्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये मुख्य मेमरी २ मेगाबाइट होती, डेव्हकिटमध्ये ८. अर्धवट घडलेला खेळ नेहमीच ऐसपैस असतो. त्यात तपासणीचे सांगाडे असतात, घाईत लिहिलेले भाग असतात. ते सगळं मावायला जागा हवी. मात्र ही उदारता फसवीही असते. आठात आरामात चालणारा खेळ शेवटी दोनात बसवावा लागतो आणि कित्येक कंपन्यांचे अखेरचे महिने याच कोंबाकोंबीत जातात. म्हणून मधला टप्पा म्हणून ‘टेस्ट किट’ असतं. त्याची मेमरी ग्राहकाच्या यंत्राइतकीच असते. फक्त कार्यालयात लिहिलेली साधी सीडी ते चालवून घेतं. पहिल्या प्लेस्टेशनचं असं यंत्र निळ्या रंगाचं होतं. परीक्षक त्यावर दिवसभर एकच पायरी पुन्हा पुन्हा खेळत. गेम खेळायचे पैसे मिळतात म्हणून हेवा वाटावा असं हे काम नाही.

खरी कसरत मात्र कन्सोल अस्तित्वातच नसतो तेव्हाची. नवा कन्सोल दुकानात येईल त्याच दिवशी त्याच्यासोबत खेळही हवेत. म्हणजे खेळाचं काम आधी दोन-तीन वर्षं सुरू व्हायला हवं आणि तेव्हा तर चिपसुद्धा तयार नसते. मग अंदाजावर काम चालतं. इंग्लंडमधल्या ‘रेअर’ या कंपनीत मार्टिन हॉलिस यांच्या चमूने ‘गोल्डनआय ००७’ असाच बनवायला घेतला. निन्टेन्डो ६४ची चित्रं काढणारी चिप सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीबरोबर घडत होती. त्यामुळे त्याच कंपनीच्या ‘ओनिक्स’ या महागड्या संगणकावर, होणारा कन्सोल साधारण असा असेल असं धरून, खेळ उभा राहिला. निन्टेन्डोचा कंट्रोलरही आला नव्हता, तेव्हा प्रतिस्पर्धी सेगाच्या सॅटर्नचा कंट्रोलर फेरफार करून जोडला गेला. खरं यंत्र हाती आल्यावर कळलं, की भिंती-जमिनीवर चढवायच्या चित्रांना जागा फारच अपुरी आहे. रंगीत चित्र जास्त जागा खातं, म्हणून बरीचशी चित्रं करड्या छटांत ठेवली गेली आणि जिथे रंग हवाच तिथे तो भौमितिक आकाराच्या कोपऱ्यांवरून पसरवला गेला. १९९७ मध्ये खेळ आला आणि प्रचंड गाजला. त्या खेळातलं करडं, उदास जग ही कलात्मक निवड असल्याचं अनेकांना वाटलं असेल. निदान अर्धी निवड तरी जागेच्या टंचाईने केली होती.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट तर गमतीची आहे. २००५ साली एक्सबॉक्स ३६० तयार होत होता, तेव्हा खेळ बनवणाऱ्यांना सुरुवातीची डेव्हकिट म्हणून जी यंत्रं मिळाली ती चक्क अॅपलची होती. नव्या एक्सबॉक्ससाठी आयबीएमच्या पॉवरपीसी कुळातला प्रोसेसर ठरला होता आणि त्या कुळातला दणकट, तयार संगणक म्हणजे अॅपलचा पॉवर मॅक जी५. विंडोजवाल्या कंपनीने मॅक विकत घेतले आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात एक्सबॉक्सचे खेळ त्यांच्यावरच चालवून दाखवले. पुढच्याच महिन्यात अॅपलने आपण पॉवरपीसी सोडून इंटेलकडे जात असल्याचं जाहीर केलं.

पण कूळ एक असलं तरी स्वभाव वेगळा असतो. जी५ हा भाजी शिजेपर्यंत कणीक मळून घेणाऱ्या स्वयंपाक्यासारखा. एखाद्या सूचनेसाठी माहिती येईपर्यंत तो पुढच्या सूचना उरकून घेतो. एक्सबॉक्सचा तीन गाभ्यांचा प्रोसेसर कागदावर वेगवान, पण कृती लिहिलेल्या क्रमानेच चालणारा. भाजी शिजत असेल तर तो पातेल्याकडे बघत उभा. मॅकवर झरझर चालणारा प्रोग्राम त्याच्यावर अडखळला तर दोष प्रोग्रामरचा नसायचा, पण क्रम बदलून पुन्हा लिहिण्याचं काम त्याचंच असायचं.

साधनं नसली तरी माणसं मार्ग काढतात, हेही या व्यवसायात जुनंच आहे. ‘किर्बीज ड्रीम लँड’ हा १९९२ चा खेळ बनवणाऱ्या मासाहिरो साकुराई यांच्यापुढे कीबोर्ड नव्हता. टीव्हीला जोडलेलं ट्विन फॅमिकॉम हे गेमचंच यंत्र आणि एक ट्रॅकबॉल. पडद्यावर उमटलेल्या कळांवरून एकेक आकडा उचलत त्यांनी खेळ भरला. त्याला पर्याय असतो, हे त्यांना तेव्हा ठाऊकच नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने वेगळा मार्ग धरला. सेगाच्या जेनेसिस कन्सोलच्या अटी जाचक वाटल्या, तेव्हा त्यांच्या अभियंत्यांनी तो उघडून, आतून तपासून स्वतःच त्यासाठीची साधनं तयार केली. १९९० मध्ये सेगाला त्यांच्याशी बऱ्या अटींवर करार करावा लागला. डेव्हकिट ज्याच्या हातात, अटी त्याच्या, हे सेगाला महागात पडून कळलं.

सोनीने पहिल्या प्लेस्टेशनच्या वेळी हा धडा वेगळ्या अंगाने गिरवला. स्वतःच्याच ‘न्यूज’ नावाच्या महागड्या वर्कस्टेशनवर खेळ बनवून घ्यायचे, असा सोनीचा आधीचा बेत होता. लिव्हरपूलची ‘सिग्नोसिस’ ही कंपनी सोनीने १९९३ मध्ये घेतली. तिच्याशी संबंध असलेल्या ‘एसएन सिस्टिम्स’च्या अँडी बेव्हरिज आणि मार्टिन डे या दोघांनी त्याच सुमारास साध्या पीसीवर चालणारी साधनं तयार केली. कुठल्याही कार्यालयातला पीसी, त्यात बसवायचं कार्ड, सी भाषेचा कंपायलर आणि दोष शोधण्याचं सॉफ्टवेअर, बस. जानेवारी १९९४ मध्ये लास व्हेगासला त्यांनी ते सोनीच्या लोकांना दाखवलं आणि सोनीने स्वतःचा बेत गुंडाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन जपानमध्ये आला. खेळ बनवायला स्वस्त आणि सोपा म्हणून छोट्या-मोठ्या कंपन्या त्याच्याकडे वळल्या. एसएन सिस्टिम्स आज सोनीचाच भाग आहे.

पुढे हे सोनी स्वतःच विसरली. मार्क सर्नी हे मूळ ‘क्रॅश’चे कार्यकारी निर्माते, पुढे तेच प्लेस्टेशन ४चे मुख्य रचनाकार झाले. २०१३ च्या एका व्याख्यानात त्यांनी एक माप मांडलं. नवं यंत्र हातात आल्यापासून पडद्यावर पहिला त्रिकोण उमटवण्याइतकी, म्हणजे चित्रांची प्राथमिक यंत्रणा उभी करण्याइतकी तयारी व्हायला किती वेळ लागतो? पहिल्या प्लेस्टेशनला एक-दोन महिने. दुसऱ्याला तीन ते सहा. तिसऱ्याला सहा ते बारा. प्लेस्टेशन ३मधल्या ‘सेल’ प्रोसेसरमध्ये एका मुख्य गाभ्याभोवती छोटे गाभे होते आणि त्यांच्या प्रत्येकाकडे स्वतःची जेमतेम २५६ किलोबाइट मेमरी. कुठली माहिती कुठल्या छोट्या गाभ्याकडे कधी पाठवायची आणि कधी परत आणायची, हे सगळं प्रोग्रामरने हाताने ठरवायचं. ताकद भरपूर, पण ती काढून घेताना लोक टेकीला आले. चौथ्याच्या वेळी सर्नी आधी खेळ बनवणाऱ्यांकडे गेले, त्यांना काय हवंय ते विचारलं आणि वेळ पुन्हा एक-दोन महिन्यांवर आला. प्लेस्टेशन ५ला महिनाही लागत नाही, असं त्यांनी २०२० मध्ये सांगितलं.

इतकं उपयोगी यंत्र मग कंपन्या लपवून का ठेवतात? एक कारण कुलुपाचं. आजचा कन्सोल कुठलाही प्रोग्राम चालवण्यापूर्वी त्यावर कंपनीची ‘सही’ आहे का ते तपासतो. ही सही म्हणजे एका गुप्त संख्येच्या आधारे केलेलं गणित. ती संख्या फक्त कंपनीकडे. डेव्हकिट मात्र कार्यालयात आज सकाळी लिहिलेला प्रोग्रामही चालवतं, म्हणजे त्याचं दार उघडंच असतं. या कुलुपाची ताकद गणितात आहे, तशीच निष्काळजीपणाची जागाही. प्रत्येक सही करताना एक नवी, अंदाज न करता येणारी संख्या वापरायची असते. प्लेस्टेशन ३च्या सह्यांमध्ये सोनीने दर वेळी तीच वापरली. ती सारखी असली, की दोन सह्या म्हणजे दोन समीकरणं आणि अज्ञात राशीही दोनच. शाळेतली एकसामयिक समीकरणं सोडवता येणाऱ्याला पुढचं सांगायला नको. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत ‘फेलओव्हरफ्लो’ या गटाने हे फळ्यावर मांडावं तसं मांडून दाखवलं.

दुसरं कारण धंद्याच्या गुपिताचं. बहुतेक डेव्हकिट विकली जात नाहीत, वापरायला दिली जातात. काम झालं की परत. करारात गोपनीयतेचं कलम असतं. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१४ मध्ये ज्या हॅकरांवर आरोप ठेवले, त्यांनी बाजारात न आलेल्या एक्सबॉक्स वनची माहितीही चोरली होती आणि तिच्यावरून त्या यंत्राची नक्कल उभी करण्याचा घाट घातला होता. चोरीला गेलेल्या एकूण माहितीची किंमत खात्याने १० ते २० कोटी डॉलर धरली. प्लेस्टेशन ५च्या डेव्हकिटचा इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा, दरीसारखा खोलगट डबाही जगाला पहिल्यांदा दिसला तो २०१९ मध्ये, ब्राझीलच्या पेटंट कार्यालयातल्या नोंदीत.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही दारं थोडी किलकिली झाली, हे मात्र खरं. प्लेस्टेशन ३चं किट २००९ मध्ये सुमारे १० हजार डॉलरवरून २ हजारांवर आलं. निन्टेन्डोने २०१७ मध्ये स्विचचं किट जपानमध्ये ५० हजार येनला, म्हणजे साध्या संगणकाच्या भावात देऊ केलं. छोट्या चमूंना त्यामुळे कन्सोलवर जाणं आवाक्यात आलं. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने भारतीय पुराणकथांच्या वातावरणात घडवलेला ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी आला तो स्विचवरच. दहा-पंधरा वर्षं आधी पुण्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या माणसांना जपानी कन्सोलवर सर्वांच्या आधी खेळ आणणं स्वप्नवत वाटलं असतं.

तरीही किट परत जातं, करार राहतो, आणि वर्षं उलटली की कुणाकडेच काही उरत नाही. कोनामीने ‘सायलेंट हिल’ मालिकेतले दोन खेळ २०१२ मध्ये नव्या कन्सोलसाठी पुन्हा आणायचे ठरवले, तेव्हा तिच्या कपाटात सापडलेला सोर्स कोड अंतिम आवृत्तीचा नव्हताच. मूळ चमूने दहा वर्षांपूर्वी दुरुस्त केलेले दोष पुन्हा उभे राहिले आणि नव्या चमूला ते दुसऱ्यांदा शोधावे लागले. त्या खेळाचा प्राण असलेलं धुकंही विरलं आणि चाहते चिडले. ‘किंगडम हार्ट्स’ या २००२ च्या खेळाची मूळ सामग्री तर इतकी हरवली होती, की विकल्या गेलेल्या खेळातूनच माहिती उकरून त्याचे बरेच भाग पुन्हा घडवावे लागले. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के रीतसर विकत मिळतच नसल्याचं दिसलं. ही तयार खेळांची गत. ते ज्या यंत्रांवर घडले, त्यांचा हिशेब तर कुठेच नाही.

ग्रंथालयांनी अशा खेळांच्या प्रती संशोधकांना घरबसल्या पाहू द्याव्यात, अशी सवलत संग्राहकांनी मागितली होती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली. त्याआधी जुलै २०२० मध्ये निन्टेन्डोच्या जुन्या अंतर्गत फायलींचा मोठा साठा इंटरनेटवर फुटला. ‘सुपर मारिओ ६४’मध्ये लुइगी हे पात्र आधी होतं, ही चाहत्यांची २४ वर्षांची कुजबुज खरी ठरली, कारण वगळलेल्या लुइगीचे अवयव त्या फायलींत सापडले. इतिहासकारांची मोठी पंचाईत झाली. पुरावा अस्सल, पण चोरीचा.

सोर्स कोडमध्ये प्रोग्रामर स्वतःसाठी आणि मागून येणाऱ्यांसाठी टिपा लिहितात. हे का केलं, याला हात लावू नका, हे तात्पुरतं आहे, वगैरे. यंत्राला त्यांचा काही उपयोग नसतो, त्यामुळे कंपायलर त्या गाळून टाकतो. दुकानात पोचते ती टिपा गळालेली प्रत. ‘क्रॅश बँडिकूट’च्या तबकडीवर टायमर १०० वर आणणारी आणि नंतर पुन्हा १००० वर नेणारी सूचना आजही आहे. ती तिथे का आहे, हे तबकडी सांगू शकत नाही. ते कळलं, कारण खेळ येऊन सतरा वर्षं झाल्यावर, २०१३ मध्ये, बॅगेट यांनी ती हकिकत लिहून प्रसिद्ध केली.